लोकांनी विनॅम्प ३ का नाकारला? : एक प्रकरण अभ्यास

९ ऑगस्ट २००२ रोजी नलसॉफ्टने विनॅम्प ३ प्रसिद्ध केला. संगणकावर गाणी ऐकणाऱ्यांचा तेव्हाचा सर्वांत लाडका प्लेअर, पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलेला. जेमतेम सोळा महिन्यांनी, डिसेंबर २००३ मध्ये, त्याच कंपनीने विनॅम्प ५ आणला आणि त्याच्या पोटातलं इंजिन ३ चं नव्हतं, २ चं होतं. चार क्रमांकाची आवृत्ती आलीच नाही. दोन आणि तीन मिळून पाच, असा हिशेब कंपनीने मांडला. नवं घर बांधून झाल्यावर मालकाने पुन्हा जुन्या घरात येऊन त्यावरच माडी चढवावी, तसा हा प्रकार.

‘लोकांना बदल नको असतो’ हे या घटनेचं नेहमी दिलं जाणारं कारण. आमच्या मते ते चूक आहे, आणि तसं म्हणायला भक्कम पुरावा आहे. ३ मधला सर्वांत ठळक बदल होता नव्या धाटणीच्या स्किन, म्हणजे प्लेअरचं बाह्य रूप पालटणारे साज. हव्या त्या आकाराच्या, पारदर्शक कडांच्या. त्याच तंत्राच्या स्किन ५ मध्येही आल्या, सुरुवातीला दिसणारी मूळ स्किनही त्याच जातीची होती, आणि त्या लोकांच्या पचनी पडल्या. म्हणजे देखणेपणावर कुणाचा राग नव्हता. मग नाकारलं गेलं ते नेमकं काय?

लोकांच्या हातात आधीपासून काय होतं

जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव यांनी १९९७ मध्ये विनॅम्प बाहेर काढला. सप्टेंबर १९९८ मध्ये २.० आला आणि १९९९ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने नलसॉफ्ट विकत घेतली. विनॅम्प २ ची मुख्य खिडकी होती २७५ बाय ११६ पिक्सेलची. तिच्याखाली दहा पट्ट्यांचा इक्वलायझर, त्याखाली प्लेलिस्ट. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही, बी ही पाच अक्षरं म्हणजे मागचं गाणं, सुरू, थोडं थांब, बंद, पुढचं गाणं. ‘जे’ हे अक्षर दाबलं की गाणं शोधायची खिडकी. ज्यांनी चार वर्षं हा प्लेअर वापरला त्यांना माऊसला हात लावायची गरज उरली नव्हती.

स्किनची रचना अगदी सरळ होती. डब्ल्यूएसझेड फाइल म्हणजे नाव बदललेली झिप. आत बीएमपी चित्रं: मुख्य खिडकीचं एक, पाच मुख्य बटणांचं एक (१३६ बाय ३६ पिक्सेल, वरच्या अर्ध्यात न दाबलेली बटणं आणि खालच्या अर्ध्यात दाबलेली), आवाजाच्या पट्टीचं एक, ज्यात एकाखाली एक अशी २८ चित्रं, शिवाय आकड्यांचं, अक्षरांचं, प्लेलिस्टचं. कोणता तुकडा कुठून उचलायचा आणि खिडकीत कुठे डकवायचा हे प्रोग्रॅममध्ये कायमचं ठरलेलं. स्किन बनवणाऱ्याला बटण इकडचं तिकडे करता येत नसे, फक्त रंगवता येई. मर्यादा मोठी होती, पण तिचे दोन फायदे झाले. एक म्हणजे पेंटब्रश येणारा शाळकरी मुलगाही एका दुपारी स्किन करू शकत होता, त्यामुळे स्किनचे ढीग लागले. दुसरं म्हणजे खिडकी रंगवताना प्रोसेसरला विचार करावा लागत नव्हता. ठरलेला चौकोन उचलायचा, ठरलेल्या जागी ठेवायचा, संपलं.

प्लगइनचंही, म्हणजे प्लेअरला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रॅमचंही, तसंच. फाइलच्या नावाची सुरुवातच तिचं काम सांगे. ‘इन’ म्हणजे नवा फाइल-प्रकार वाचणारं, ‘आउट’ म्हणजे आवाज बाहेर धाडणारं, ‘व्हिस’ म्हणजे गाण्याबरोबर नाचणारी चित्रं, ‘डीएसपी’ म्हणजे ध्वनीवर प्रक्रिया, ‘जेन’ म्हणजे बाकी सगळं. डीएलएल फाइल प्लगइनच्या फोल्डरमध्ये टाकली, प्लेअर बंद करून पुन्हा उघडला, की काम झालं. २००२ पर्यंत ही शिदोरी चार वर्षं साठत आली होती.

३ मध्ये काय उलथलं

विनॅम्प ३ ‘वसाबी’ नावाच्या चौकटीवर उभा होता. प्लेअर हा आता एक प्रोग्रॅम नव्हता; अनेक घटक आणि त्यांना जोडणारी व्यवस्था, असं त्याचं स्वरूप झालं. स्किनची नवी फाइल डब्ल्यूएएल. तीही झिपच, पण आत चित्रांबरोबर एक्सएमएलमध्ये लिहिलेली मांडणी आणि ‘माकी’ भाषेतल्या स्क्रिप्ट. कोणतं बटण कुठे, कशाच्या वर, किती पारदर्शक, दाबल्यावर कोणता कप्पा सरकून बाहेर येणार, हे सगळं स्किन बनवणारा ठरवणार.

कल्पना म्हणून हे सुंदर होतं आणि स्किन बनवणाऱ्या हौशी कलाकारांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. प्रतिक्रिया एकसुरी नव्हत्या, हे इथे नोंदवायला हवं. ज्यांना खिडकीचा चौकोन मोडायचा होता त्यांना पहिल्यांदाच मोकळं रान मिळालं होतं.

पण या मोकळीकीची किंमत प्रत्येक सेकंदाला मोजावी लागत होती. प्लेअर उघडताना आधी घटक गोळा करायचे, मग एक्सएमएल वाचायचं, त्यातून वस्तूंचं झाड उभं करायचं, स्क्रिप्ट चढवायच्या आणि मग खिडकी दाखवायची. दिसल्यावरही सुटका नाही. गाण्याचं नाव डावीकडे सरकत असतं. २ मध्ये त्यासाठी पाच बाय सहा पिक्सेलची ठरलेली अक्षरं पुढे ढकलली जात. ३ मध्ये अक्षर हललं की त्याखालचे सगळे पारदर्शक थर पुन्हा एकावर एक मिसळून तेवढा भाग नव्याने रंगवायला लागे. नाचणाऱ्या पट्ट्यांचंही तेच.

आता त्या वेळची घरातली यंत्रं आठवा. पेंटियम २ किंवा ३, सेलेरॉन, ६४ किंवा १२८ एमबी रॅम, त्यावर विंडोज ९८. एमपी३ उलगडणं हे काम अशा यंत्राला जड नव्हतं. नवा भार पडला तो खिडकीचा. आणि संगीताच्या प्लेअरला एक अडचण आहे जी लेखनाच्या किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नाही. ध्वनी साउंडकार्डाकडे जाण्याआधी थोडा पुढचा भाग बफरमध्ये भरून ठेवलेला असतो. प्रोसेसर दुसरीकडे गुंतला आणि बफर वेळेत भरला गेला नाही, तर तो रिकामा होतो आणि आवाज तुटतो. टायपिंग करताना अक्षर पाव सेकंद उशिरा उमटलं तर माणूस सहन करतो. गाण्यातला पाव सेकंदाचा खंड मात्र शेजारच्या खोलीतही कळतो. शिवाय प्लेअर हे मागे चालू ठेवायचं सॉफ्टवेअर. मुख्य काम दुसरंच असतं. ‘जड झालाय’ ही तक्रार म्हणूनच नखरा नव्हती. एकाच यंत्रावर दोन्ही आवृत्त्या स्वतंत्र फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकत, त्यामुळे तुलना करायला तज्ज्ञ लागत नव्हता. दोन्हींवर क्लिक करून पाहिलं की उत्तर समोर.

तक्रारींचा गठ्ठा सोडवताना

नव्या आवृत्तीवर येणाऱ्या प्रतिक्रिया वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती त्यांना एकाच पोत्यात भरण्याची. विनॅम्प ३ च्या बाबतीत निदान चार वेगळी पोती लागतात.

पहिलं मोजता येणाऱ्या गोष्टींचं: उघडायला लागणारा वेळ, खाल्लेली रॅम, अडकून बंद पडणं. याचं उत्तर कोड सुधारणं हेच. समजावण्याने भागत नाही.

दुसरं, हातचं गेल्याचं. २ चे प्लगइन ३ मध्ये थेट चालत नव्हते. सर्वांत बोचणारं उदाहरण शाउटकास्टचं. नलसॉफ्टनेच काढलेल्या या व्यवस्थेमुळे घरबसल्या इंटरनेट रेडिओ चालवता येई; विनॅम्पमध्ये डीएसपी प्लगइन घालायचं, सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, प्रसारण सुरू. ३ साठी हे प्रसारणाचं प्लगइन कधी आलंच नाही. म्हणजे कंपनीच्या एका नव्या मालामुळे तिच्याच दुसऱ्या मालाचे ग्राहक जुन्या आवृत्तीला बांधले गेले. रेडिओ चालवणाऱ्या माणसाला तुम्ही कितीही सुंदर स्किन दाखवा, तो हलणार नाही, कारण हलणं त्याला शक्यच नाही.

तिसरं पोतं लहान वाटणाऱ्या उणिवांचं. प्लेलिस्टमधल्या गाण्यांची एकूण वेळ २ मध्ये खाली दिसे, ३ मध्ये ती सोय राहिली नाही. बाहेरच्याला ही क्षुल्लक बाब वाटेल. पण १२८ केबीपीएसची गाणी भरलेल्या ७०० एमबीच्या एका सीडीवर साधारण साडेबारा तासांचं संगीत मावतं. त्यातून हळदीच्या कार्यक्रमासाठी दोन तासांची यादी काढायची तर एकूण वेळ दिसल्याशिवाय ती काढायची कशी? अशा उणिवा भरून काढायला थोडकं काम लागतं आणि राग मात्र खूप ओढवतो. प्रत्येक जुन्या सोयीची यादी हातात घेऊन, ‘ही नव्यात आहे का’ असं एकेक करून तपासणं, हे प्रसिद्धीच्या आधीच करायचं काम.

चौथं पोतं आवडीनिवडीचं: रंग, आकार, ‘पूर्वीसारखा वाटत नाही’. या प्रतिक्रिया संख्येने पुष्कळ असतात आणि त्यांचा आवाज मोठा असतो, पण पुढे काय होणार हे त्यांवरून कळत नाही. विनॅम्प ५ च्या वेळी हे पोतं जवळजवळ आपोआप रिकामं झालं.

बंद झालेला दरवाजा

दुसऱ्या पोत्यातली एक गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते, म्हणून तिच्यावर थोडं थांबायला हवं. विनॅम्प २ ला बाहेरून हाक मारता येत असे. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला एक वर्गनाव असतं. विनॅम्पच्या खिडकीचं वर्गनाव होतं ‘विनॅम्प व्ही१.एक्स’. होय, २ मध्येही ‘व्ही१’. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने या नावाने खिडकी शोधायची आणि तिला आज्ञेचा आकडा पाठवायचा: ४००४४ म्हणजे मागचं गाणं, ४००४५ म्हणजे सुरू, ४००४६ म्हणजे थोडं थांब, ४००४७ म्हणजे बंद, ४००४८ म्हणजे पुढचं. खिडकीच्या मथळ्यावरून चालू गाण्याचं नावही वाचता येई.

एवढ्या साध्या सोयीवर एक अख्खी बाजारपेठ उभी होती. गप्पांच्या प्रोग्रॅममध्ये ‘सध्या ऐकतोय’ दाखवणाऱ्या स्क्रिप्ट, रिमोट कंट्रोल, कीबोर्डवरची जास्तीची बटणं, कीबोर्डचे शॉर्टकट बदलून देणारी छोटी साधनं. यांतली बरीचशी कुणीतरी एका रात्री लिहिली होती आणि लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता. ३ ची खिडकी वेगळ्या नावाची निघाली आणि या साऱ्या हाका भिंतीवर आपटल्या. वापरणाऱ्याला कारण दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की कालपर्यंत चालणारं बटण आज चालत नाही, आणि दोष अर्थातच नव्या प्लेअरच्या माथी आला.

जुन्या आवृत्तीचं नाव अंगावर वागवत राहणं दिसायला गचाळ असेल. पण ज्याला इतर जण हाक मारतात ते नाव तुमच्या एकट्याच्या मालकीचं राहत नाही, हे विनॅम्प २ लिहिणाऱ्यांना पक्कं कळलं होतं. पुढे ५ मध्येही वर्गनाव ‘व्ही१.एक्स’च ठेवलं गेलं.

जी तक्रार झालीच नाही

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक बाजू महत्त्वाची आहे. या सगळ्या गदारोळात देवनागरीचा प्रश्न कुठे होता?

विनॅम्प २ विंडोजच्या जुन्या, एका कोडपेजच्या (अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या एका तक्त्याच्या) पद्धतीने मजकूर हाताळत असे. देवनागरीला असं कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. विंडोज २००० पासून आधार मिळाला तो थेट युनिकोडमध्ये. परिणाम असा की फाइलचं नाव देवनागरीत असेल तर प्लेअरला तिथे प्रश्नचिन्हांची रांग मिळे. प्रश्नचिन्ह हे फाइलच्या नावात चालतच नाही, त्यामुळे नाव नीट दिसत नाही एवढ्यावर भागत नसे; बऱ्याचदा फाइलच सापडत नसे. जुन्या स्किनमधल्या अक्षरांच्या चित्रातही फक्त रोमन वर्ण, आकडे आणि थोडी युरोपीय अक्षरं. पाच बाय सहा पिक्सेलच्या चौकोनात ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ बसवणार तरी कसा? सेटिंगमध्ये हे बिटमॅप अक्षर बंद करून विंडोजचा फॉन्ट वापरायची सोय होती, पण मजकूर आत येतानाच प्रश्नचिन्ह झालेला असेल तर फॉन्ट बदलून काही हाती लागत नाही.

तरीही याबद्दल ओरड झाली नाही, कारण मराठी माणसाने फाइलींची नावं रोमनमध्येच लिहायची सवय करून घेतली होती. भावगीतांच्या, अभंगांच्या, लावण्यांच्या सीडीवर नावं इंग्रजी अक्षरांत, एकाच गाण्याची तीन-तीन स्पेलिंगं. लोक हातातून निसटलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. जी कधी मिळालीच नव्हती तिच्याबद्दल क्वचितच. प्रतिक्रियांचा ढीग कितीही मोठा असला तरी त्यात हा कोपरा रिकामाच राहतो आणि तो भरायचा तर विचारायला आपणहून जावं लागतं.

मधले सोळा महिने

नाराज लोक कुठे गेले? बहुसंख्य कुठेच नाही. ते २ वर राहिले. नलसॉफ्टने २ काढून घेतला नाही, हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय. २००३ मध्ये २.९ आणि २.९१ या आवृत्त्या आल्या आणि गाण्यांची लायब्ररी जुन्या, हलक्या अंगात बसवून मिळाली. जे ३ साठी राखून ठेवलं असं वाटत होतं ते २ मध्येही होऊ शकतं, हे यातून सिद्ध झालं.

काही जण अगदी उलट टोकाला गेले. पूर्वी नलसॉफ्टसाठी कंत्राटी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांचा फूबार२००० डिसेंबर २००२ मध्ये आला. करड्या रंगाची साधी विंडोज खिडकी, शोभेला काही नाही, सगळं लक्ष आवाजाच्या अचूकतेवर आणि याद्यांवर. दिखाऊपणाला कंटाळलेल्यांना तो भावला. ऑक्टोबर २००३ मध्ये विंडोजसाठी ॲपलचा प्लेअर आयट्यून्सही आला आणि नलसॉफ्टला वाट पाहायला फुरसत उरली नाही.

५ मध्ये जोड कशी बसवली

विनॅम्प ५ मधली खरी करामत एका फाइलीत आहे: प्लगइनच्या फोल्डरमधली ‘जेन_एफएफ.डीएलएल’. ३ च्या नव्या स्किन रंगवणारी सगळी यंत्रणा एका ‘जेन’ जातीच्या प्लगइनमध्ये कोंबली गेली. पायाला २ चा कोड. नवी स्किन निवडली की हे प्लगइन जागं होतं, जुन्या खिडक्या दडवतं आणि स्वतःच्या खिडक्या रंगवतं. जुनी डब्ल्यूएसझेड स्किन निवडली की ते बाजूला होतं. दडलेली जुनी खिडकी जिवंत असते, तिचं वर्गनावही तेच, त्यामुळे ४००४५ पाठवणारी सहा वर्षांपूर्वीची स्क्रिप्टही काम करते. ‘इन’, ‘आउट’, ‘डीएसपी’ सगळी प्लगइन पूर्ववत. शाउटकास्टचं प्रसारण पूर्ववत. ३ साठी केलेल्या डब्ल्यूएएल स्किनही बऱ्याच चालल्या. ज्यांच्या स्क्रिप्ट ३ च्या खास घटकांना हाक मारत होत्या त्या अडल्या.

म्हणजे जडपणा संपला नाही, ऐच्छिक झाला. ज्याच्या यंत्राला झेपतं त्याने नवी स्किन घ्यावी, ज्याला झेपत नाही त्याने तीच २७५ बाय ११६ ची खिडकी. दोघांचा प्लेअर एकच. २००२ साली ज्या स्किनमुळे प्लेअर उघडायला वाट पाहावी लागत होती त्याच स्किनचं २००३ साली कौतुक झालं, कारण तिच्यासाठी आता काहीही सोडून द्यावं लागत नव्हतं.

ज्यांना हे आजही पडताळून पाहायचं आहे त्यांच्यासाठी. विनॅम्प ५ च्या मालिकेतली आवृत्ती इन्स्टॉल करताना घटकांच्या यादीत ‘मॉडर्न स्किन सपोर्ट’ असा पर्याय येतो. त्यावरची खूण काढली तर जेन_एफएफ बसतच नाही आणि प्लेअर २ सारखा चटकन उघडतो. आधीच इन्स्टॉल झाला असेल तर कंट्रोल आणि पी दाबून सेटिंग उघडा, स्किनच्या यादीतून जुन्या पद्धतीची मूळ स्किन निवडा, प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. टास्क मॅनेजर उघडा ठेवून दोन्ही स्किनमध्ये तेच गाणं एकेक मिनिट वाजवा आणि रॅमचे आकडे टिपून घ्या. मग इंटरनेट आर्काइव्हवर जतन केलेल्या हजारो जुन्या स्किनपैकी १९९८-९९ ची एखादी डब्ल्यूएसझेड फाइल उतरवून स्किनच्या फोल्डरमध्ये टाका. काहीही न बदलता ती उघडेल.